टेस्टमधली नावं

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि जागा थेट खिडकीपाशी! हॉस्पिटलची वेबसाइट चालवणारं छोटंसं ऑफिस. कुणाला पेशंटची कोणती माहिती दिसावी, कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या कोडच्या टेस्ट लिहायच्या, म्हणजे तो नीट चालतो का हे तपासायचं. मॅनेजरबाई हसतमुख आहेत. म्हणाल्या, आधीचा माणूस अर्धवट टाकून गेलाय, त्याचा पसारा आता तुझा. घरी धाकटीला सांगितलं, तर म्हणते, ‘दिवसभर लोकांना परवानगी नाही म्हणत बसायचं? ते तर तू मला जन्मापासून म्हणतेयस.’ बाबा पोट धरून हसले.

६ मार्च, बुधवार
सगळ्या टेस्ट एकाच एररवर अडतात : अनडिफाइन्ड मेथड. कोड युजरला विचारतो, तुला परवानगी आहे का? पण युजरच्या जागी असतं निल. म्हणजे कुणीच नाही. युजर नीट तयार होतो आणि मध्येच नाहीसा होतो. डोकं पिकलं. शेवटी टेस्टमधली जुनी नावं काढून घरची घातली : डॉक्टर धाकटी, नर्स आत्या, पेशंट मी. सगळं हिरवं झालं, म्हणजे पास! मॅनेजरबाईंनी टाळी दिली.

८ मार्च, शुक्रवार
आज नर्सची टेस्ट लाल. पुन्हा निल. कोडला कुणी हातही लावलेला नाही.
जेवताना सहज बाबांना म्हटलं, आत्याला बऱ्याच दिवसांत फोन केला नाही. त्यांनी विचारलं, कुठली आत्या? मला वाटलं, गंमत करतायत. पण ते चिडले. म्हणाले, मला बहीणच नाही. धाकटीनेही मान डोलावली.
आत्याने विणलेला स्वेटर माझ्या कपाटात आहे. धाकटी म्हणते, तो दुकानातून आणलेला.

११ मार्च, सोमवार
मॅनेजरबाईंना आधीच्या माणसाबद्दल विचारलं. शेवटी शेवटी तो ज्याला त्याला विचारायचा म्हणे, माझ्या बायकोला पाहिलंत का? त्याचं तर लग्नच झालं नव्हतं.
त्याची जुनी फाइल उघडली. त्याच्याही टेस्टमध्ये घरचीच नावं. बायको. दोन मुली. सगळ्यात खाली तो स्वतः.
धाकटीचं नाव माझ्या टेस्टमधून काढायला गेले. परवानगी नाही. नाव काढायचा अधिकार फक्त नर्सला. नियम मीच लिहिलाय. आणि नर्स आता—
माझी अख्खी फाइल पुसली. जेवून आले तर जशीच्या तशी.

१२ मार्च
दहा चाळीस. डॉक्टरची टेस्ट लाल.
तशीच घरी धावले. धाकटीच्या खोलीत ट्रंका, जुनी शिलाई मशीन, धूळ. बाबांनी मला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, अगं, तू एकुलती एक.

१३ मार्च
ऑफिसला गेले नाही. विसरायच्या आत लिहिते. ती डावखुरी. शिंक आली की आधी भिंत धरायची. उजव्या भुवईत खोक, झोक्यावरून मीच ढकललं होतं. तिचं नाव—
नाव—
ओठांवर आहे—

१४ मार्च
सकाळ. स्वयंपाकघरात बसलेय. मॅनेजरबाईंना दोनदा फोन केला. म्हणाल्या, राँग नंबर.
बाबा दारात उभे आहेत. घाबरलेत. मला अहो-जाहो करतायत. ‘आपण कोण? आत कशा आलात?’
बाबा, असं काय करता, मी तुमची—