दुसऱ्या गाडीची टाकी

बारक्या,

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस. बाबांनी तुला दिलेली मोटारसायकल न्यायला येतोस असं लिहिलंस, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

गाडीवर मूळची टाकी आणि मडगार्ड आता नाहीत. दुसऱ्याच मॉडेलची चढवली आहेत. "गंजली होती म्हणून कळवा," असं तुझी वहिनी म्हणते. पण टाकी गंजली नव्हती. आई गेली आणि तू आला नाहीस, त्याच आठवड्यात तुझ्यावरच्या रागाने मी गाडी वेल्डरकडे ढकलत नेली. दुसरी टाकी बसेना, तेव्हा तो म्हणाला, "काका, सांगाड्यावरचे टाकी धरणारे कान कापावे लागतील. मग जुनी टाकी जन्मात बसायची नाही."

"काप," मी म्हणालो. "ज्याची गाडी आहे त्याला आईची पडली नाही, टाकीची काय पडणार?"

जुनी टाकी भंगारात गेली. आता गाडी म्हणजे बैलाच्या धडावर घोड्याचं तोंड. शेजारी हसतात, म्हणून मी ती बाहेर काढत नाही.

चूक माझी आहे, पण आधी तुझी. हे पत्र पेटीत टाकायचा धीर होईल की नाही, ठाऊक नाही. टाकलंच, तर एवढं लवकर कळव, की गाडी नको झाली तरी तू येशील का.

तुझा दादा