बिरादार म्हणजे कोण?

१४ सप्टेंबर २०१०, लातूर

आमच्या बॅचमध्ये अकरा बिरादार! हजेरी घेताना कलीम सर आज वैतागलेच. “बिरादार म्हणजे काय, ते तरी सांगा रे!” देवणीचा वीरेश उठला — “बिरुद, सर. राजानं दिलेलं. कन्नड हाय.” सर हसले — “आमच्या फारसीत बिरादर म्हणजे भाऊ.” कुणाचं खरं? त्या अकरांत मीही एक. वनस्पतींची सगळी कुळं पाठ, स्वतःचं ठाऊक नाही!

१५ सप्टेंबर

भोकरला अप्पांना फोन केला. आपलं आडनाव कुठून आलं? — “सीईटीला इचारतेत का हे?” मग, “अभ्यास कर, माय.” आणि ठेवलाच. अप्पा कधी आधी फोन ठेवत नाहीत.

२१ सप्टेंबर

सर म्हणाले, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमचं गाव औशाच्या पलीकडं. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं, आई त्यातच गेली. मी तेव्हा वर्षाची. अप्पा मला घेऊन भोकरला आले, दुकान टाकलं, ते कायमचे. गाव एकदाही दाखवलं नाही. इथून दीड तास तर आहे!

३० सप्टेंबर

गेले. अप्पांना न सांगता.

पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत लक्ष्मम्मा भेटली, ऐंशीच्या पुढची. “बिदरकडून आलेले म्हनतेत आपन. खरं-खोटं महादेवाला ठावं.” अप्पांचं नाव घेऊन, मी अमृतरावांची मुलगी म्हटल्यावर माझी हनुवटी धरून बघतच राहिली. “कोनती गं?” मला वाटलं, म्हातारी विसरली असेल.

आज भूकंपाचा दिवस, जुन्या गावात लोक जमले होते. फुलं, उदबत्त्या. दगडावर गेलेल्यांची नावं. बोटानं शोधत गेले — गुरम्मा अमृतराव बिरादार, वय २३. आई! तिच्याखाली — अंबिका अमृतराव बिरादार, वय १.

माझं नाव.

तीनदा वाचलं. मग एसटी पकडून परत आले.

१ ऑक्टोबर

क्लासला गेले नाही. अप्पांना फोनवर मी एवढंच म्हणाले — “दगड बघितला.”  अप्पा म्हणाले — “येतो.”

३ ऑक्टोबर

अप्पा आले. हॉस्टेलच्या पायरीवर बसूनच बोलले, माझ्याकडं न बघता. “आमच्या घरातलं कुणी वाचलं न्हाई. शेजारच्या खोलीतली तू तेवढी निघालीस. कॅम्पात लिहून घेणाऱ्यानं इचारलं, कुणाची पोर? म्हनलं, माझी, अंबिका.”

माझी आई मलिका. कपडे शिवायची. वडील गवंडी. मी — इकरा.

“आणि आडनाव?”

“भाड्यानं सहा म्हैने ऱ्हायले ते, माय. कधी इचारलंच न्हाई.”

संध्याकाळची एसटी होती त्यांची. मी जाऊ दिलं नाही.