ॲलन स्क्रू आणि ह्यांचा पाय

सोमवार, ३ जून

पाय मोडला, हट्ट मोडत नाही! ह्यांच्या नडगीचं हाड सरकलंय. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या — शुक्रवारी हाडाला पोलादी पट्टी आणि स्क्रू बसवू, नाहीतर जन्माचं लंगडणं. हे म्हणतात, "आयुष्यभर लोखंड विकलं, अंगात घालून घेणार नाही." झालं!

स्क्रू-बोल्टचं दुकान बंद ठेवणं परवडायचं नाही. उद्यापासून मी बसते.

मंगळवार, ४ जून

देवा, काय एकेक घडवून घेतोस माणसाकडून! एका खणात नुसते ॲलन स्क्रू. डोक्यात सहा कोनांचं भोक, त्यात वाकडी षटकोनी काडी घालून फिरवायची — ती ॲलन की. मॅट्रिकला कंपासने षटकोन काढला होता, तो आज लोखंडात भेटला! उंच डोक्याचा यंत्र घट्ट आवळायला. बुटका, घुमटासारखा, हाताला-कपड्याला लागू नये तिथे. चपटा तर पत्र्यात असा बुडतो की बोट फिरवलं तरी कळू नये.

आणि एकाला डोकंच नाही! दुकानात आलेला छापखान्याचा मेकॅनिक हसला. "वहिनी, हा ग्रब. पुलीच्या भोकात पुरता आत शिरतो नि मोटरच्या दांड्याला, शाफ्टला, टोक रोवून बसतो. हा सुटला की मोटर फिरते, पुली बघत बसते!"

हातात धरून पाहतच राहिले. दिसत नाही म्हणून नाही, असं थोडंच!

बुधवार, ५ जून

घोटाळा केला. मेकॅनिकच्या पुलीतला ग्रब सोडवायला गेले. ॲलन की जराशी सैल वाटली. म्हटलं, चालेल. जोर लावला — सटकली, सगळे कोन घासून भोक गोल! की इंचाच्या मापाची, स्क्रू मिलिमीटरच्या. "अहो वहिनी!" एवढंच म्हणाला बिचारा. आता ड्रिल मारून काढणार.

हे मागच्या खोलीतल्या पलंगावरून गरजले, "जवळजवळ बसली म्हणजे बसली नाही!" मग हळूच — "हाडातल्याचं असं झालं, तर काढणार कसा?"

अस्सं! म्हणजे लोखंडाचं नुसतं निमित्त. खरी भीती ही होती.

गुरुवार, ६ जून

ह्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईंना ही भीती सांगितली. हसल्या नाहीत. नमुन्याचा स्क्रू आणि त्याची की ह्यांच्या हातावर ठेवली. डोक्यात तोच षटकोन! हाडातसुद्धा!

ह्यांनी डोळे मिटून की घातली, हलवून पाहिली. उलटी, सुलटी.

"जराही खेळ नाही," म्हणाले.

"मग ऑपरेशनच्या कागदावर सही करताय ना?" मी विचारलं.

"मिलिमीटरच ना?"

"मिलिमीटरच हो, काका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

केली.

शुक्रवार, ७ जून

आत नेलंय. जप चालू आहे.

रविवार, २१ जुलै

आज पायावर भार टाकायचा होता. मी आधाराला दोन्ही हात पुढे केले. धरले नाहीत ह्यांनी. एकटेच खिडकीपर्यंत गेले! माझे हात तसेच पुढे राहिले होते — जोडले.