घरचे नाही म्हणाले

बाई, काल तुमच्या घरासमोरून गेले. घर आता नाहीच. सदाशिव पेठेतली तुमची ती दोन खोल्यांची जागा पाडून तिथे इमारत झाली आहे आणि खाली चष्म्याचं दुकान आहे. मी शाळेसाठी चेंडू आणि शिट्ट्या घ्यायला वाघोलीहून शहरात आले होते. काम झाल्यावर बस पकडायची सोडून पाय त्या गल्लीत वळले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत, की आता मी तुमच्यावर चिडलेली आहे असं कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघतील. शिवाय ज्यांना सांगायचं त्यांच्या लेखी तुम्ही देव आहात. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. 

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला पुरता आठवतो. लोणी काळभोरला तालुक्याचे खो-खोचे सामने होते, तुम्ही पुण्याहून पंच म्हणून आला होतात. मी सातवीत होते. सामना संपल्यावर तुम्ही मला नाव न विचारता घर विचारलंत आणि माझ्यामागून बांधाबांधाने मळ्यापर्यंत चालत आलात. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घातलेली बाई आमच्या वस्तीने तोवर पाहिली नव्हती. आईने गुळाचा चहा केला, तो तुम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात. आईला पुढे कायम त्याचंच कौतुक होतं. तुम्ही वडिलांना म्हणालात की पुण्यात मुलींची चांगली शाळा आहे, शिक्षण होईल, खेळ होईल, राहील माझ्याकडे. वडील म्हणाले, शिकत असंल तर शिकू द्या. आई चुलीत काटक्या सारत राहिली. तेव्हा तुम्ही तिच्याकडे वळून म्हणालात, "हिच्या पायांत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. आई आहात म्हणून तिला अडवू नका."

आई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "न्या. पन माजी हाय ती, येवढं ध्यानात ठिवा."

तुम्ही मान हलवलीत. तुमच्या ते ध्यानात राहिलं नाही, बाई.

पुण्यातला पहिला महिना मी बोललेच नाही, कारण तोंड उघडलं की वर्ग हसायचा. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही नियम केलात. एक 'हाय' तोंडातून गेला की मैदानाला एक फेरी. 'न्हाई'लाही तेच. मी इतक्या फेऱ्या मारल्या की दिवाळीच्या आत माझी भाषाही सुधारली आणि दमही वाढला, आणि या दोन्हींचा तुम्हाला सारखाच अभिमान होता. दिवाळीला घरी गेले तर आई म्हणाली, "आगं, तू तर पाव्हण्यासारखी बोलती." ती हसत म्हणाली. मला त्या वेळी ते कौतुकच वाटलं.

तुमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नव्हतं. पण खेळणाऱ्या मुलीला अंडं हवं, हे तुम्ही कुठेतरी वाचलं होतं. मग मागच्या गॅलरीत एक रॉकेलचा स्टोव्ह आणि एक चेपलेलं पातेलं आलं. सकाळी सरावाहून आलो की तुम्ही नाकाला पदर लावून त्या पातेल्यात अंडं उकडताय, मी गॅलरीतच उभ्याने ते खाते आहे, आणि पातेलं तिथल्याच नळावर धुऊन पालथं घालते आहे. कुठल्या बाईने दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. आणि ते अंडं मला आत बसून का खाता येत नव्हतं, हाही विचारला आहे. दोन्ही प्रश्न खरे आहेत.

बूटही तुम्हीच घेतलेत. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने तीन जोड दाखवून हात टेकले आणि म्हणाला, यापेक्षा चांगलं माप मिळायचं नाही. तुम्ही म्हणालात, "मग तुम्हीच घालून पळा." तो मुकाट्याने माडीवरून आणखी खोकी घेऊन आला. त्या बुटांनी मी आंतरशालेय स्पर्धा खेळले, जिल्हा खेळले. माझा खांबावरचा सूर बघायला इतर शाळांच्या मुली थांबायच्या. तुम्ही कडेला छत्री घेऊन उभ्या. तुम्ही कधी शाबास म्हणाला नाहीत. फार बरं वाटलं की छत्री मिटून काखेत धरायचात. मी पळता पळता त्या छत्रीकडे बघायचे.

दहावीच्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत ते गृहस्थ आले. दक्षिणेकडच्या एका क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक होते, धावपटू शोधत हिंडत होते. आमचा सामना बघून ते माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलले. म्हणाले, खो-खो सोड, तू चारशे मीटर धावशील. तिकडे ये, राहणं-खाणं, कॉलेज सगळं होईल, पुढे नोकरीही मिळेल. मग ते तुमच्याशी बोलले. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणालात, "नुसतं पळायचं. त्यात डोकं कुठे लागतं?" मी हसले. मला वाटलं, तुमची नेहमीची चेष्टा.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही भेंडी चिरत बसला होतात आणि मी दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "त्या वसतिगृहाचं. तुझे घरचे नाही म्हणाले."

मी विचारलं, तुम्ही भेटलात त्यांना?

"निरोप पाठवला होता. उलट निरोप आला. वयात आलेली मुलगी इतक्या लांब नको म्हणतात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे."

मी लगेच विश्वास ठेवला. तेच मला आज सगळ्यात जास्त लागतं. तुम्ही मला तीन वर्षांत एवढं शिकवलं होतं, की खेड्यातले लोक असेच असतात, मुलीला मागे ओढतात, हे मला माझ्या आईवडिलांबद्दलसुद्धा पटकन खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला आत हाक मारलीत. आतल्या शेगडीवर, तुमच्या रोजच्या भांड्यात अंडं उकडत होतं. पाट मांडला होता. मला वाटलं, बाईंना माझी दया आली.

अकरावी-बारावी मी शाळेच्याच कनिष्ठ महाविद्यालयात केली आणि आणखी दोन वर्षं शाळेसाठी खेळले. ढाल दोन्ही वर्षं आपल्याकडे राहिली. मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या फोटोत तुम्ही मधोमध खुर्चीवर आहात आणि मी तुमच्या पायाशी. दुसऱ्या वर्षी सूर मारताना गुडघा फिरला तो फिरलाच. पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, वाघोलीच्या शाळेत लागले, लग्न झालं, संसार झाला. वाईट काही झालं नाही. मी तिकडे जाऊन फार मोठी धावपटू झाले असते असंही मी म्हणत नाही. कदाचित पहिल्याच वर्षी रडत परत आले असते. पण परत येणं माझं झालं असतं.

घरी मात्र मी तुटत गेले. सणाला गेले तर जेवायचे आणि निघायचे. वडिलांनी एकदा विचारलं, पोरी, काय चुकलं का आमचं? मी म्हणाले, काही नाही, गाडी चुकेल. मी तोंडातून कधी काढलं नाही, कारण काढलं असतं तर ते समजावत बसले असते आणि मला त्यांचं समजावणं नको होतं. ते गेले. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही, की मुलगी कशाने दुरावली.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. एक डोळा झाकलेला, तरी ओट्याशी येऊन लसूण सोलायची. माझ्या मुलीला सहलीला पाठवायचं की नाही यावरून आमचं बोलणं चाललं होतं. आई म्हणाली, पाठव की, पोरीला बांधून ठिवू नये. माझा इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. मी म्हणाले, "हे तेव्हा सुचलं असतं तर? मला जाऊ दिलं असतंत तर?"

आई म्हणाली, "कुठं?"

मी सांगितलं. ती लसणाची पाकळी हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई गं. तुज्या बापाला बी न्हाई." पाकळी ताटलीत टाकून म्हणाली, "इचारलं असतं तर मी व्हय म्हनले असते का, ते आता काय सांगू. पन इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही निवृत्त झाला होतात, काठी घेऊन दार उघडलंत आणि म्हणालात, चपला नीट काढ. मी बसले नाही. विचारलं, "माझ्या घरी निरोप पाठवला होतात?"

कुठला निरोप, असं तुम्ही विचारलं नाहीत. तेवढा प्रामाणिकपणा तुमच्यात होता.

"नाही," तुम्ही म्हणालात.

"का?"

"पाठवला असता तर ते हो म्हणाले असते."

मी म्हणाले की माझ्या आईला तुम्हीच सांगितलं होतं, तिला अडवू नका. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत, खुर्चीत बसलात. "ती आई होती. तिला सांगणारी मी होते," तुम्ही म्हणालात. "मला सांगणारं कोण होतं?" आणि मग अगदी रोजच्या आवाजात, "चहा टाकतेस का? माझ्याने फार वेळ उभं राहवत नाही."

मी चहा टाकला नाही. जिना उतरताना वाटत होतं, तुम्ही हाक माराल. नाही मारलीत. त्यानंतर आपण भेटलो नाही. तुम्ही गेल्याचं मला शाळेतल्या जुन्या मैत्रिणीने कळवलं. शोकसभेत मला बोलायला उभं केलं, कारण तुमची सगळ्यात नाव काढलेली विद्यार्थिनी मीच. आधीच्या वक्त्याने सांगितलं होतं, की बाईंनी खेड्यातल्या एका मुलीला घरच्यांच्या विरोधातून बाहेर काढून घडवलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. गुळाचा चहा प्यायलेल्या बाई म्हणून ती हट्टाने आली होती. तिच्या देखत मी अंड्याची गोष्ट सांगितली, बुटांची सांगितली, लोक गहिवरले. निरोपाची सांगितली नाही. मेलेल्या माणसाचा अपमान करायचा नाही, ही रीतसुद्धा मी तुमच्याकडूनच शिकले होते. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "ते इरोधाचं खोटं हाय, येवढं तरी म्हनायचंस." तेवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि आता तीही नाही.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली एक मुलगी होती. तिची आई वाघोलीतल्याच एका वसतिगृहात पोळ्या करते. मुलगी खो-खोत अशी काही वळते, की समोरचीला आपण हवेत हात मारला हे नंतर कळतं. तिच्यावर माझा अख्खा संघ उभा होता. तिला बाहेरच्या राज्यातल्या क्रीडा प्रबोधिनीकडून बोलावणं आलं, आणि ते फोनवर आलं माझ्याकडे. आठवडाभर मी ते कुणाला सांगितलं नाही. रोज मैदानावर जात होते, तिला पळताना बघत होते, आणि तुमच्यासारखीच कडेला उभी होते. मग एका संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. तिच्या आईचे हात पिठाचे होते. ती म्हणाली, "मॅडम, मला त्यातलं काय कळतं? तुम्ही म्हणाल तसं करू." मी म्हणाले, "माझ्या म्हणण्यावर करू नका. तिला विचारा, आणि स्वतः जाऊन बघून या." त्या दोघी जाऊन बघून आल्या. जूनमध्ये मुलगी गेली. यंदा आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला आणि मुख्याध्यापकांनी मला, कारण माहीत असूनही, कारण विचारलं.

तुमच्यापेक्षा मी चांगली, असं म्हणायला हे लिहायला घेतलं होतं. इथपर्यंत आले आणि जमेना. हे मी फाडणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही, कपाटात राहील.

परवा त्या मुलीच्या आईला फोन केला. सहज केला, असं म्हणाले. मुलीला करमतं का, तिकडचं जेवण उतरत नसेल, भाषा येत नाही तर रडत असेल, असं फिरून फिरून विचारत राहिले. तिची आई हसली. म्हणाली, "नाही हो मॅडम, छान रमलीय. दिवाळीलासुद्धा यायचं नाही म्हणते." मी म्हणाले, बरं झालं, आणि फोन ठेवला.

मला बरं वाटलं नव्हतं, बाई.