बायकांच्या खेळाचं पोस्टर

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडायलासुद्धा उशीर झालाय. तरी लिहिते. अक्षर वाकडं येतंय, ओळ खाली घसरतेय. त्याला तुम्हीच कारण आहात, तेव्हा नाक मुरडू नका.

तुम्ही सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत रंगात घालायचा सरस उकळायचा आणि त्याचा वास भाताला लागायचा. आई पदर नाकाला लावून भाकरी थापायची. एकाच सिनेमाची तुम्ही दोन चित्रं करायचा. तालमीजवळ लावायला हिरोची उघडी छाती, हातात कुऱ्हाड, मागं आग. दुपारच्या बायकांच्या खेळाला मात्र वेगळं. एका खेपेला तुम्ही उंबरा काढला होता. पाठमोरी आई ट्रंक घेऊन निघालीय आणि पोरगी तिचा पदर धरून रडतेय. आईचं तोंड दाखवायचं नाही, हे तुमचं डोकं. "आई जाती ते दिसतंय, का जाती ते न्हाय दिसत. त्यासाठी बाई तिकीट काढती," असं तुम्ही कौतुकानं सांगायचा, स्वतःच्याच.

ती पोरगी म्हणजे मी. सहावीत होते. तुम्ही दाराच्या कडीला आईचं लुगडं बांधलंय, त्याचं टोक माझ्या मुठीत दिलंय, आणि मला रडू यायचं सोडून हसू येतंय. तुम्ही दोनदा ओरडता. मग आवाज एकदम खाली आणून म्हणता, "उद्यापासनं तुझी शाळा बंद. मास्तरला सांगून आलोय." मी अशी रडले, की मला श्वास घेता येईना. तुम्ही भराभरा खडूनं माझं तोंड उतरवून घेतलंत आणि काम झाल्यावर म्हणालात, "गंमत केली गं. जा, खेळ जा."

थेटराबाहेर चित्र लागलं. बायका थांबायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि तिकिटाला उभ्या राहायच्या. तुमची वाहवा झाली. माझं काय झालं ते ठाऊक आहे तुम्हाला. नळावर, वाटेवर, जाईन तिथं पोरं ओरडायची, "ए रडके, आई गेली व्हय गं?" एक दांडगा तर माझ्या परकराचं टोक धरून रडायचं सोंग करत शाळेपर्यंत मागनं आला. मी घरी येऊन सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तोंड गावाला म्हाईत झालंय हिचं. आता घरात बसू दे."

"अवो, चित्र तुमी काढलंसा आन् शिक्षा पोरीला?" आई म्हणाली.

"तू भाकरी बघ."

झालं. गंमत खरी झाली, शाळा कायमची सुटली. कुठल्या बाईला कशानं गहिवर येतो, कुठल्या पोराला कशानं चेव येतो, तुम्हाला बरोबर कळायचं. परक्या बायकांच्या पोटातलं कळणाऱ्या माणसाला घरच्या पोरीचं कळू नये? आधी मला तसं वाटायचं. आता वाटतं, चांगलं कळत होतं. म्हणून तर नेमकं शाळेचंच नाव काढलंत.

आता माझी नात राजारामपुरीत कॉम्प्युटरवर पोस्टरं करते. शाळा सुटलेल्या बायकांसाठी कुणी दुपारचा वर्ग काढलाय, त्याचं काम तिच्याकडं आलं. पहिल्यांदा तिनं एक गोरीपान हसरी बाई लावली. मी म्हटलं, "ही कोण पावणी? हिची कुठली शाळा सुटलीया?" ती हसली आणि म्हणाली, "तेच की आज्जी. बघणाऱ्या बाईला वाटाय पायजे, ही मीच हाय. तू बसतीस का?" बघणाऱ्या बाईच्या मनाचा तो तुमचाच हिशेब, आता तुमच्या पणतीच्या तोंडी.

मी बसणार नाही म्हटलं. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली. "तू नको म्हणालीस तर न्हाय लावणार. फोटो काढल्यावर तूच बघ, न्हाय आवडला तर पुसून टाकीन." आबा, माझ्या तोंडाबद्दल मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी बसले. हातात पुस्तक दिलं तिनं.

"जरा उदास बघ की आज्जी."

"उदास तुझा पणजा करत हुता मला. मी अशीच बघणार."

आणि बघितलं, सरळ, डोळे वटारून. तिनं तोच फोटो घेतला. फोटो मला दाखवला, मी हो म्हटलं, मगच लावला.

काल वर्गाच्या फाटकावर तो बघायला गेले. भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोघी तिथं थांबल्या होत्या. मी मागं उभी होते, त्यांनी ओळखलं नाही.

"म्हातारी कुणावर चिडलीया गं?"

"नवऱ्यावर असंल, दुसऱ्या कुणावर?"

"चल, आत जाऊन इचारूया तरी."

पाट्या फाटकाशी उतरवून गेल्या की आत! नवरा बिचारा फुकट बदनाम झाला, पण मी त्यांना थांबवलं नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, नातीलाही नाही. चूल पेटवायला होईल. माफी मी तुम्हाला देत नाही, मागायला तुम्ही आलाही नाहीत. एवढंच सांगते, चित्र चांगलं होतं, आबा. वाईट असतं तर कधीच विसरले असते.