मोरीच्या पाण्याचा उतार

आबा, शिमगा होऊन चार दिवस झाले आणि मी सांगलीतल्या आमच्या घरामागे वाफे करायला बसले आहे. बसले आहे म्हणजे खरंच बसले आहे, पाटावर. गुडघे आता वाकू देत नाहीत. इथली माती काळी आणि चिवट, पाणी एकदा साचलं की आठवडाभर हलत नाही. धुण्याच्या दगडाचं सगळं पाणी वाफ्यात उभं राहतं आणि मुळं कुजतात. सून म्हणाली, गडी बोलवू. मी नको म्हटलं. चर खणायला मला येतं, आणि कुणी शिकवलं ते तिला न सांगता मी पाट पुढे ओढला.

तुम्ही चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी पेन्शनीवर आलात, रहिमतपूरजवळच्या आपल्या घरी. आई जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मी चौदा वर्षांची, शाळा सोडून चूल सांभाळणारी. खरं सांगायचं तर तुम्ही मला परकेच होता. वर्षातून एकदा रजेवर येणारा, हुकूम सोडणारा, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या ट्रंकेचा मालक. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही घराला फेरी मारलीत आणि स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर तळवा टेकवून म्हणालात, "ओल चढलीया. मोरीचं पानी हितंच मुरतंय." ते तिथे मुरत होतं, कारण तिथे आईची जाई होती. भांड्यांचं, आंघोळीचं सगळं पाणी आईने तिच्या बुडाशी सोडलं होतं. जाई पार कौलांपर्यंत चढली होती.

फौजेत तुम्ही रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. उतार काढणं ही तुमची विद्या, आणि तिचा तुम्हाला केवढा ताठा! फाल्गुनात तुम्ही कुदळ घेतलीत. आईच्या औषधाची रिकामी बाटली कोनाड्यात पडली होती, साताऱ्याच्या दवाखान्यातली, चपटी, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. ती तुम्ही पाण्याने भरलीत, एक बुडबुडा तेवढा ठेवलात आणि बूच मारलंत. मग मला चराशी बसवलंत. "बुडबुडा घराकडं एक डोस सरकला पायजे. मंजी पानी भायेर पळतंय. कळलं का?" मी मान हलवली. त्या पंधरा दिवसांत तुम्ही मोरीपासून परसाच्या टोकापर्यंत चर नेलात, तळाला चपटे दगड बसवलेत आणि टोकाला सहा वाफे केलेत. शेणखत घालून माती अशी भुसभुशीत केलीत की हात घातला तर मनगटापर्यंत जायचा. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे आळी घालायची होती, दोडक्याची आणि भोपळ्याची. गावातली माणसं चर बघायला येत होती. तुम्ही त्यांना बाटली दाखवत होता. तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पाडव्यानंतर जाई वाळायला लागली. मी घागरीने थोडं पाणी घालत होते, पण आड लांब आणि ऊन कडक. एकदा जेवताना धीर करून म्हणाले, "आबा, जाई वाळतीया." तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "तुजी आय आता न्हाई, पोरी. तिच्या झाडापायी भिंत भिजत ठेवायची व्हय?" आवाज चढवला नव्हतात. म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रानात गेलात की मी आईच्या लुगड्याच्या धडप्याचा बोळा चराच्या तोंडाशी कोंबायची. सगळं पाणी पुन्हा जाईच्या बुडाशी जायचं. तुम्ही जेवायला यायच्या आत मी बोळा काढून ठेवत होते. आठवडाभरात जाईला पालवी फुटली आणि तुम्ही ती बघून म्हणालात, "झाड लय चिवट हाय." मला वाटलं, मी जिंकले.

आखितीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मागे धप्प आवाज झाला. स्वयंपाकघराची भिंत बुडातून खचून बाहेर पडली होती आणि जाई तिच्याखाली गेली होती. घरात मी एकटी होते. मी ओरडले नाही. आधी चराकडे धावले, बोळा उपसला आणि चुलीत घातला. ओला होता, जळायला किती वेळ लागला! मग ओरडले.

तुम्ही रानातून धावत आलात. मला बोटानं चाचपून बघितलंत, कुठे लागलं का म्हणून. आणि नंतर बाटली घेऊन चराशी ओणवे झालात. हातहातभर अंतरावर बाटली ठेवत टोकापर्यंत गेलात, परत आलात, पुन्हा गेलात. शेजारचे काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आवं, मिल्ट्रीत पूल बांधलं म्हनं, आन् घरची मोरी न्हाई जमली व्हय?" सगळे हसले. तुम्ही बाटलीवरची माती पुसलीत. माझ्याकडे वळून म्हणालात, "बाटली बरुबर दावतीया. मग माजंच डोळं गेलं म्हनायचं." मी तिथेच उभी होते, आबा. दोन पावलांवर.

भिंत तुम्ही दुसऱ्याच्या हातून बांधून घेतलीत. आखितीला आळी घातली नाहीत. सहाही वाफे तसेच राहिले, त्यांत हरळी माजली, चर बुजला. कुणी बांधाचं, पाटाचं विचारायला आलं की तुम्ही म्हणायचात, "मला न्हाई त्यातलं काय कळत." असं म्हणतच चार वर्षांनी गेलात. भिंत आधीच भिजलेली होती, आज ना उद्या पडलीच असती, असं मी मनाला किती वेळा समजावलं. पण भिंतीचं दुःख मला कधीच नव्हतं. तुमच्या हातातली विद्या मी काढून घेतली आणि तुम्ही ती चूक स्वतःच्या नावावर घेऊन गेलात. आता ते कुणाला सांगून काय उपयोग? दर आखितीला तुमच्या नावाने पाण्याचा करा भरते, तेव्हाही तोंडातून शब्द निघत नाही.

बाटली माझ्यापाशी आहे. पट्टी कधीच गळाली, खुणा मी खिळ्याने ओरखडल्या आहेत. आज इथल्या चरात ठेवून बघितली. बुडबुडा घराकडे एक डोस सरकला आणि पाणी निमूट निघून गेलं. मला रडू आलं, सुनेला वाटलं गुडघे दुखले. हा कागद आता घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन, मागे लिहिलेले दोन आहेत तिथेच.

भीतीने गप्प राहिले असं त्या दोन्हींत लिहिलं होतं. ते खोटं आहे. कुदळ ठेवल्यावर तुम्ही दुपारी माझ्या चुलीपाशी येऊन बसायला लागलात. लसूण सोलून द्यायचात, आई लग्नात कशी दिसत होती ते सांगायचात. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही उठून पुन्हा परसात गेला असता. मला तुम्ही तिथेच बसलेले हवे होता.