घुमरकुंडाची सोपी वाट

रविवार, ७ सप्टेंबर

छापून आलं! अख्खं पान. वर सातपुड्यातल्या घुमरकुंड धबधब्याचा फोटो, खाली माझं नाव. नवीनने पेपर माझ्या चहाच्या कपाशेजारी उघडून ठेवला आणि म्हणाला, "घ्या, लेखिकाबाई." बारा वर्षांच्या संसारात त्याने माझं लिहिलेलं पहिल्यांदाच पूर्ण वाचलं असावं. सकाळपासून फोन. शाळेतल्या बायकांचे, नणंदेचे, ओळख नसलेल्यांचेही. सगळे विचारतात – जायचं कसं?

मी मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय. चौथा परिच्छेद. "खिंडीतून कुंडापर्यंतची वाट सोपी आहे, लहान मुलंसुद्धा हसतखेळत उतरतात."

मी उतरलेच नव्हते.

दुपारी शेवभाजी केली होती. घास गिळेना.

सोमवार, ८ सप्टेंबर

लिहूनच काढते, म्हणजे डोक्यातलं जाईल.

ऑगस्टात गेले होते. सदर सुरू होऊन चार महिने झाले – खान्देशातल्या आडवाटेच्या जागा, दर पंधरवड्याला एक. रतिलाल सर, म्हणजे पुरवणीचे संपादक, मागे लागले होते : "बाई, लोकांनी पाहिलेलं नको. कोणी न पाहिलेलं द्या." घुमरकुंडाचं नाव मला बोरपाड्याच्या एका विद्यार्थिनीच्या आईकडून कळलं. चोपड्यापर्यंत बस, पुढे पाड्यापर्यंत काळीपिवळी जीप, मग दोन तास पायी. पाड्यावरचे वना आबा वाट दाखवायला आले. सत्तरीचे असतील. पायात टायरच्या चपला.

खिंडीपर्यंत ठीक होतं. तिथे धुकं. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसता आवाज – कोणी रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा. मी म्हटलं, आबा, मी इथेच बसते. ते हसले. "काही नही व माय, सोपी वाट शे. पोरे पळत उतरी जातस." तरी माझं धाडस होईना. शेवटी माझाच फोन घेऊन ते खाली गेले, फोटो काढून आणले. फोटो तेवढे सुंदर!

घरी येऊन लिहायला बसले, तर "मी खिंडीतून परत आले" हे लिहवेना. पंधरा वर्षं भूगोल शिकवते. मुलांना सांगते, डोळ्यांनी पाहा, पुस्तकावर विसंबू नका. आणि मीच भिऊन परत फिरले? म्हणून लिहिलं, उतरले. आबांचं वाक्य माझं म्हणून लिहिलं.

एवढंच. कोणाचं काय बिघडलं?

मंगळवार, ९ सप्टेंबर

भुसावळहून एका गृहस्थांचा फोन आला. पेपरच्या ऑफिसातून नंबर मिळवला म्हणे. तोताराम नाना. रेल्वेत पॉइंट्समन होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. लेख तीनदा वाचला म्हणाले.

"मॅडम, उभा जन्म आम्ही गाड्यांना वाट करून दिली. स्वतः कुठे गेलो नाही. सुरतेहून नातवंडं येताहेत, नऊ आणि सहा वर्षांची. २१ तारखेला रविवारी घेऊन जातो. आमच्या भिकुबाईचे गुडघे दुखतात, पण म्हटलं, लहान पोरं उतरतात तर तू का नाही उतरणार?"

मी काय बोलले? "हो नाना, जाऊन या."

हो नाना, जाऊन या!

बुधवार, १० सप्टेंबर

सांगायला हवं होतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सातवीच्या वर्गात नद्या शिकवताना तापीच्या जागी नर्मदा म्हणाले. मुलं हसली.

संध्याकाळी नवीनला सांगून टाकलं. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "एवढंच ना? सगळे असंच लिहितात. त्या आबांना त्यांचा डोंगर माहीत नाही का? ते म्हणाले सोपी, म्हणजे सोपी."

खरं आहे. आबांना माहीत असणारच. तरीही रतिलाल सरांना फोन केला. "सर, एक खुलासा छापायचा होता."

"कसला?"

"ती वाट... निसरडी असू शकते."

"पावसाळ्यात सगळ्याच वाटा निसरड्या असतात, बाई. त्याचा काय खुलासा छापायचा? उलट पत्रं बघा किती आलीत!"

"बरं सर" म्हणून फोन ठेवला. माझ्यासारखी भित्री मीच.

रविवार, १४ सप्टेंबर

चाळीसगावचा एक गट काल घुमरकुंडाला जाऊन आला. फेसबुकवर माझं नाव घालून अकरा फोटो टाकलेत. मी मोठे करकरून पाहिले. खिंड, खिंड, डबा खाताना, खिंड, ढग. कुंड एकाही फोटोत नाही!

खाली विचारलं – कुंडाचे फोटो नाहीत का?

दहा मिनिटांत उत्तर : "खाली नाही उतरलो मॅडम. दोर नव्हता आमच्याकडे."

दोर?

सोमवार, १५ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत तोताराम नानांना फोन लावला. भिकुबाईंनी उचलला. "ते बाजारात गेलेत हो, पोरांसाठी बूट आणायला. डोंगरात चपला नको म्हणाले." आवाज इतका आनंदी! मला म्हणाल्या, "तुमच्यामुळे माणूस घराबाहेर निघालं बाई. नाहीतर दिवसभर खिडकीत बसून गाड्या मोजतात."

नंतर नानांचा उलट फोन आला. मी पावसाचं निमित्त काढलं. सातपुड्यात जोर आहे, पुढे ढकला.

"पाऊस काय आम्हाला नवा आहे का? आणि पोरं सोमवारी परत जातात."

माझ्याकडे आणखी एक वाक्य होतं. ते बोलले नाही.

आज पुन्हा गेल्या मंगळवारसारखंच झालं, उद्या बुधवारसारखी हळहळ वाटेल. रविवार अंगावर येतोय. गुरुवारी रजा टाकली आहे. मी स्वतः जाणार. सोपी असेल तर माझा जीव भांड्यात पडेल. नसेल तर – नसेल तर मग बघू.

गुरुवार, १८ सप्टेंबर

परत आले. हाताची कातडी सोलली आहे, तरी आजच लिहिते. उद्या धीर राहील की नाही, सांगता येत नाही.

पाड्यावर पोचले तेव्हा वना आबा अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांची सून द्रौपदाबाई. तिने काळा चहा दिला. म्हणाली, "तुम्ही पेपरात काय लिहिलं व ताई? रोज गाड्या येतात. बाबा रोज कोणाला ना कोणाला घेऊन वर जातात. 'नही' म्हणताच येत नाही त्यांना." मी चहा पूर्ण प्यायले.

आज धुकं नव्हतं. खिंडीतून खाली पाहिलं. वाट नव्हतीच ती! वरचा भाग झुडपांतून तिरका जातो, तेवढा बरा. मग सरळ कडा. दोन मजले असेल. त्यात पाय ठेवायला खोबणी, त्यावरून पाणी झिरपतंय, शेवाळ. आबा जिन्यावरून उतरावं तसे चार पावलं उतरले आणि वर पाहत उभे राहिले.

"दगडकडे तोंड कर, माय. मांगे देखू नको. पाय सोड – मी धरेल शे."

उतरले. कशी, ते माझं मला माहीत नाही. मध्ये एकदा दोन्ही पाय सुटले. आबांनी माझी टाच तळव्यावर झेलली आणि खोबणीत ठेवली.

आणि मग कुंड.

पाणी कड्यावरून पडतच नाही. भिंतीच्या पोटात एक भोक आहे, त्यातून बाहेर येतं. तिन्ही बाजूंनी काळे खांब उभे, षटकोनी, एकाला एक चिकटलेले. लाव्हा थंड होताना असे तयार होतात. पंधरा वर्षं फळ्यावर खडूने काढले हे खांब! हात लावला. गार, आणि कडा अजून धारदार. पाकोळ्या धारेतून आरपार जात होत्या, भिजतही नव्हत्या. तो हुंकार इथे कानाने ऐकू येत नाही, बरगड्यांत वाजतो. बाराच्या सुमाराला ऊन वरून सरळ आत आलं, आणि पाणी तळापर्यंत हिरवं झालं. फार तर दहा मिनिटं. मग पुन्हा काळं.

मी रडले. किती सुंदर होतं ते! मी लेखात जे लिहिलं ते याच्यापुढे काहीच नव्हतं. न पाहता लिहिलेलं ते, त्यात काय असणार?

वर येऊन बसल्यावर विचारलं, "आबा, तुम्ही म्हणाला होतात, पोरं पळत उतरतात."

त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाले, "मी आमना पोरेस्नं सांगं. तुमना पोरेस्नं नही."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी सातला फोन केला. चहाही घेतला नव्हता.

"नाना, तुम्ही जाऊ नका. मी लेख लिहिला तेव्हा खाली उतरलेच नव्हते. खिंडीतून घाबरून परत आले होते. काल उतरले. तिथे मुलं पडतील."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग फोन बंद झाला.

मग रतिलाल सर. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे छापलं तर सदर राहणार नाही, बाई. मलाही वर उत्तर द्यावं लागेल."

"राहू नका देऊ. पण याच रविवारी छापा."

पाच ओळी लिहून पाठवल्या. खाली उतरले नव्हते, हे स्पष्ट लिहिलं. वाट जिवावर बेतणारी आहे. धडधाकट माणसानेही उतरू नये. दोराशिवाय तर नाहीच. नवीनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "शाळेत काय सांगशील?" म्हटलं, हेच.

शनिवार, २० सप्टेंबर

दिवसभर नानांचा फोन लागत नव्हता. त्यांना राग आला असेल की हट्टाला पेटले असतील? मी भुसावळला जायच्या तयारीत साडी बदलली होती. घर कुठे ते माहीत नाही, पण रेल्वे कॉलनीत विचारलं असतं. तेवढ्यात त्यांचाच फोन.

"आम्ही जात नाही मॅडम. पोरांना उनपदेवला नेतो, गरम पाण्याच्या झऱ्यावर. भिकुबाईच्या गुडघ्यांनाही बरं."

मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "ऐका. एका आडस्टेशनावर होतो तेव्हा मी एकदा रुळांचा सांधा चुकीचा लावला होता. गाडी उशिरा होती म्हणून वेळेत लक्षात आलं, बदलला. कोणाला कळलं नाही. मी सांगितलंही नाही. अजून झोपेत तो सांधा दिसतो. तुम्ही सांगितलंत. बस्स."

मी फोन ठेवला आणि जमिनीवरच बसले. दोन आठवड्यांनी पोटभर जेवले.

रविवार, २१ सप्टेंबर

खुलासा आला. आतल्या पानात, पण चौकटीत. मजकूर माझाच, एक शब्द बदललेला नाही. वर मथळा मात्र त्यांनी घातलाय, जाड अक्षरांत : "घुमरकुंड – धडधाकटांनाही घाम फोडणारी वाट!"

ते उद्गारचिन्ह मला आवडलं नाही. पण छापलं, हे काय कमी? मुख्याध्यापकांचा फोन आला, उद्या भेटा म्हणाले. भेटेन. आता कशाचं भ्यायचं?

सोमवार, २२ सप्टेंबर

द्रौपदाबाईचा फोन. वना आबा काल कड्यावरून पडले. रात्रीच जळगावला आणलंय. शाळेत न जाता निघते आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आबा वाचले. मांडीचं हाड मोडलं आणि कमरेचं. डॉक्टर म्हणतात चालतील, काठी घेऊन, सपाटीवर. द्रौपदाबाई माझ्याशी बोलली नाही. आबांनी माझा हात धरून ठेवला होता, त्यांना गुंगी होती.

रविवारी दुपारी देवपूरहून मोटारसायकलींवर पाच जण आले होते. दोर घेऊन. दोघे कड्याच्या मध्यावर अडकले. आबांनी दोघांनाही वर काढलं, आणि मग त्यांचा स्वतःचा पाय सुटला.

त्या दोघांपैकी एक वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. तिशीचा. कालपासून हललेला नाही म्हणे. डोळे सुजलेले. मी विचारलं, "अहो, त्याच दिवशीच्या पेपरात आलं होतं. वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं ना मॅडम," तो म्हणाला. "ते वाचूनच तर निघालो."